तिला प्रेसवर बसवायचं नाही

ती पहिल्यांदा पडली तेव्हा आम्ही चौघी जेवत होतो. शेडच्या मागे, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला आमची जागा होती. कँटीन होतं, पण तिथे सगळा कारखाना बसायचा आणि त्या गलक्यात आम्हा बायकांना निवांत बोलता यायचं नाही. डबे उघडले होते. ती सासूची काहीतरी गंमत सांगत होती आणि सांगता सांगता मधेच थांबली. नजर एका जागी खिळली, मान वळली आणि बसल्या जागीच ती कलंडली. हातपाय ताठ झाले. मग झटके सुरू झाले.

आमच्यातली सगळ्यांत लहान मुलगी, जिला आम्ही धाकटी म्हणायचो, ती घाबरून उठली. "साहेबांना बोलावते," म्हणाली आणि निघालीच. मावशींनी तिचा हात धरला.

"कुठं चाललीस? बस खाली."

"अहो मावशी, तिला बघा ना काय होतंय..."

"दिसतंय मला. बस म्हनते ना."

मावशी पाथर्डीकडच्या, वयाने आमच्यात मोठ्या. त्यांनी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. अशा वेळी माणसाला एका कुशीवर वळवायचं असतं, नाकाशी काहीबाही धरायचं नसतं, हे मला पुष्कळ पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा आम्हाला जे येत होतं ते आम्ही केलं. हळूहळू तिचं अंग सैल पडलं. ओठांच्या कडेचा फेस मी ओढणीने पुसला. शुद्धीवर आल्यावर तिने आधी साडी पायावरून नीट केली, मग आमच्या तोंडांकडे पाहिलं.

"कोनी पाह्यलं का?"

"आमी तिघींनी," मावशी म्हणाल्या. "म्हंजी कोनीच न्हाई."

भोंगा झाला. आम्ही तिला पॅकिंगच्या स्टुलावर बसवलं आणि कामाला लागलो. पलीकडच्या लाईनवरून कुणीतरी तिच्याकडे बघून विचारलं, हिचा चेहरा असा का? धाकटी क्षणभरही न थांबता म्हणाली, "उपास आहे तिचा. चक्कर आली." हे आम्ही आपसात ठरवलेलं नव्हतं. तरी चौघींच्या मनात एकच गोष्ट एकाच वेळी येऊन बसली होती.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिची गोष्ट मी एकदा बाहेर फोडलेली आहे, तेवढं पुरे.

नागापूर एमआयडीसीतला आमचा कारखाना लहान. गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या बनवायचा. बिजागरीत पिन घालून प्रेसखाली तिची टोकं दाबायची, मग ग्रीस लावायचं, मग गेजमध्ये घालून माप बरोबर आहे का ते बघायचं आणि शेवटी खोक्यात भरायचं. चार कामं आणि आम्ही चार बायका. प्रेसचं मशीन जुनं होतं. पायाचं पेडल दाबलं की वरचा दट्ट्या धाडकन खाली यायचा. पुढे जाळी होती, पण बिजागरी ठेवायला हात आत घालावाच लागायचा. पाय आणि हात यांचा मेळ सुटला की संपलं. त्या मशीनवर बोट गमावलेला एक माणूस आमच्याच गेटवर वॉचमन होता. रोज सकाळी आत जाताना त्याचा हात दिसायचा.

ती अकोले तालुक्यातली, डोंगरातल्या भातशेतीच्या गावची. नवरा टेम्पो चालवायचा. बोल्हेगावात भाड्याच्या खोलीत नवरा, सासू आणि ती. लहानपणापासून फिट यायची. गोळ्या नीट चालू असल्या तर महिनोन्महिने काही व्हायचं नाही. लग्न जमवताना आईने ही गोष्ट लपवली आणि पोरीला गोळ्या बांधून दिल्या. एका खोलीच्या घरात सासूच्या नजरेआड गोळ्या ठेवायच्या कुठे? तिने त्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या. एकदा सासूने तांदूळ निवडायला डबा ओढला, तेव्हा हिने घाईघाईने पाकीट काढून मोरीत टाकलं. त्यानंतर गोळ्या नाहीत, आणि म्हणून त्या दुपारी ती आमच्यापुढे पडली.

"माझ्या लॉकरमध्ये ठेव," मी म्हटलं. "आल्यावर एक घे, जाताना एक घे. सुट्टीची रुमालात बांधून ने."

धाकटी सावेडीतल्या मेडिकलमधून गोळ्या आणायची, कारण बोल्हेगावातला दुकानदार तिच्या सासरच्यांच्या ओळखीचा होता. मावशी रोज विचारायच्या, "घेतली का गं?" आणि मी ठरवून टाकलं की तिला प्रेसवर बसवायचं नाही. कधी मी बसायचे, कधी धाकटी. ती गेजवर. चेहरा जरा उतरलेला दिसला की मावशी तिला आपल्याशेजारी पॅकिंगला ओढून घ्यायच्या आणि गेज मी सांभाळायचे.

या गोष्टीने आमची लाईन बदलली. आधी आम्ही चौघी एका ओळीत बसून आपापलं काम करायचो. आता प्रत्येकीचं अर्धं लक्ष दुसरीकडे असायचं. कुणाचा हात मंदावला, कुणाची मान अवघडली, न बोलता कळायचं. धाकटीचं माप चुकलं तर मी हाक मारायच्या आत धाकटीच मागे वळायची. मावशींचे गुडघे दुखायचे त्या दिवशी खोकी उचलायला कुणीतरी उठलेलंच असायचं. माल परत येणं जवळजवळ थांबलं. साहेब दुसऱ्या लाईनच्या माणसांना आमच्याकडे आणून दाखवायचे. "बघा, यांच्यात ओरडणं नाही, भांडण नाही. काम कसं वाहतंय."

साहेब माणूस वाईट नव्हते, हेही लिहायला हवं. एकदा त्यांनी पुण्याहून एका माणसाला बोलावलं, टीम कशी असावी ते शिकवायला. त्याने आम्हाला गोल बसवून सुतळीचा गुंडा एकमेकींकडे टाकायला लावला. मग त्याने मला उभं केलं आणि विचारलं, "तुमची टीम सगळ्यांत चांगली आहे म्हणतात. काय करता तुम्ही वेगळं?"

मी तिघींकडे पाहिलं. तिघीही सुतळीकडे बघत होत्या.

"काही नाही सर. सांभाळून घेतो एकमेकींना."

"व्हेरी गुड!" तो म्हणाला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं.

खोटं मी बोलले नव्हते, तरी टाळ्या संपेपर्यंत माझे कान गरम झाले होते.

त्यानंतर मला सुपरवायझर केलं. टोपी निळ्याची पिवळी झाली. रोज सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंगला बसायला खुर्ची मिळाली. घरी माझ्या आईने शेजारपाजारी पेढे वाटले. लाईनवर माणूस कमी होतं म्हणून मी ग्रीसचं काम करतच राहिले, पण दिवसातून किती वेळा तरी मला उठावं लागायचं आणि प्रेस धाकटीच्या एकटीच्या गळ्यात पडला.

अशातच दुसऱ्या लाईनवरचा प्रेसवाला गावी गेला आणि त्यांचं काम अडून बसलं. साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की यापुढे प्रत्येकाला प्रत्येक काम आलंच पाहिजे, आळीपाळीने सगळ्यांनी प्रेसवर बसायचं. "तुमच्यापासून सुरुवात करू ताई. तुमची टीम तयार आहे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण आजूबाजूला बाकीचे सुपरवायझर बसलेले, सगळे पुरुष. त्यांच्यासमोर तिचा आजार काढायचा? मी "हो सर" म्हणून उठले आणि तिच्या पाळीला धाकटीने बसायचं असं ठरवून टाकलं. भिंतीवरच्या तक्त्यात तिचं नाव असायचं, मशीनवर धाकटी.

काही दिवस धाकटी काही बोलली नाही. मग एक दिवस हात पुसायचं फडकं टेबलावर आपटून म्हणाली, "ताई, पायाला गोळा येतो माझ्या. दरवेळी मीच का?"

"का ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पण किती दिवस? तुम्ही केबिनमध्ये, मावशींचे गुडघे, तिचं ते तसं. मग उरतं कोण?"

तिचं काही चुकत नव्हतं. एकीला वाचवण्याचं ओझं आम्ही गपचूप सगळ्यांत लहान मुलीवर टाकलं होतं आणि तिला ते विचारलंही नव्हतं. वाईट हे, की धाकटी बोलली तेव्हा ती गेजवर बसलेली होती आणि तिने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगहून परत आले तर ती प्रेसवर होती.

दारातच माझे पाय थांबले. हाक मारावी तर ती दचकेल. पेडलवर तिचा पाय, जाळीच्या आत हात. पिन ठेवली, हात मागे, धाड. पिन ठेवली, हात मागे, धाड. काम सफाईदार चाललं होतं. शेजारी धाकटी मान खाली घालून गेज करत होती. ट्रे संपेपर्यंत मी तशीच उभी राहिले आणि मग जाऊन मशीनचं बटण बंद केलं.

"कुणाला विचारून बसलीस?"

"कोनाला कशाला इचारायचं? पाळी माझी हाय." तिने हात जाळीतून बाहेर घेतला. "माझ्यापायी तिचा पाय मोडायचा का ताई? गोळ्या येळेवर घेते मी. मी काय लुळी हाय का?"

"बसू दे तिला," मावशी म्हणाल्या. "लई दिवसांत काय झालं न्हाई. उगं कशाला घाबरायलीस?"

तिघी एका बाजूला आणि मी एका बाजूला, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. जाता येता गेटवरच्या वॉचमनचा हात बघणारी मीच एकटी होते की काय, असं मला वाटलं. पण मीही शेवटी गप्प बसले. ती प्रेसवर बसायला लागली. तिच्या पाळीला मी केबिनमधून काही ना काही निमित्त काढून बाहेर यायचे आणि तिच्या मागे उभी राहायचे. पाठीमागे उभं राहून मी काय करणार होते कोण जाणे.

शेवटी एका संध्याकाळी सुटल्यावर मी तिला गेटबाहेर चहाच्या टपरीवर नेलं.

"साहेबांना सांगून टाकू. मी येते बरोबर. पॅकिंगला ठेवा म्हणू."

तिने कप खाली ठेवला. "आन् त्यांनी घरी कळवलं तर?"

"कधीतरी कळणारच ना नवऱ्याला."

"कळंल. पन माझ्या तोंडून कळू द्या." मग तिने मनातलं सगळं सांगितलं. दिवाळीत भाऊबिजेला ती माहेरी जाणार होती. आईला घेऊन यायची, दोघींनी मिळून नवऱ्यापुढे बसायचं. आईने लपवलं ते आईनेच सांगायचं. नवरा मनाने वाईट नाही, सासू चार दिवस बोलेल. त्याच्या कानावर घातलं की मग साहेबांकडे जायला तिची ना नव्हती. "दिवाळीपातुर थांबा ताई. मग मी म्होरं, तुमी माझ्यामागं."

"थांबते," मी म्हटलं.

हा शब्द मी तिचा हात हातात घेऊन दिला होता.

दसरा झाला. दिवाळीआधीची घाई सुरू झाली, माल जास्त जायचा होता, सगळ्यांना सुटायला उशीर होऊ लागला. त्या दिवशी सकाळच्या चहाला आम्ही लाईनवरच उभ्या होतो. तिच्या हातात चहाचा ग्लास होता. मी तिच्याशी बोलत होते आणि माझ्या लक्षात आलं की ती ऐकत नाही. डोळे उघडे, पण त्यात ती नाही. ग्लास तिरका झाला, गरम चहा तिच्या बोटांवरून खाली गळत राहिला, आणि तिला भाजल्याचं कळत नव्हतं. पाचसहा श्वास घ्यावेत एवढाच वेळ. मग तिने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि मला विचारलं, "काय म्हनला ताई?" बोटं लाल झाली होती. ती त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखी बघत राहिली.

दुपारी तिची प्रेसवर पाळी होती.

त्या दुपारी मी स्वतः प्रेसवर बसले असते तर भागलं असतं. धाकटीला विनवलं असतं तरी भागलं असतं. तिला म्हणाले असते की आज घरी जा, तर तीही गेली असती. हे सगळं मला आज सुचतं. तेव्हा मला फक्त तो लाल झालेला हात दिसत होता आणि त्याच्या जागी वॉचमनचा हात दिसत होता. मी चहा तसाच ठेवला, केबिनचं दार उघडलं आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं. तिला न सांगता. मावशींना, धाकटीला न सांगता.

पण एवढंच लिहून थांबले तर ते अर्धं होईल. केबिनकडे चालत जाताना माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. काही झालं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं की सुपरवायझरला माहीत होतं का. पिवळी टोपी, खुर्ची, आईने वाटलेले पेढे, हे सगळं माझ्याबरोबर त्या दारातून आत गेलं. तिच्या बोटांसाठी मी किती गेले आणि माझ्यासाठी किती, हे मी इतक्या वेळा तोलून पाहिलंय. उत्तर दरवेळी वेगळं येतं.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. पाणी पुढे केलं. "बरं केलंत सांगितलंत," म्हणाले.

"सर, तिला पॅकिंगला ठेवू. गोळ्या चालू आहेत. तिथे मशीन नाही."

"उद्या पॅकिंगमध्ये पडली, डोकं फुटलं, तर उत्तर कोण देणार? तुम्ही देणार?"

मी देईन, असं म्हणायचं होतं. तेवढे दोनच शब्द. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले.

साहेबांनी ठेकेदाराला बोलावलं. ती ठेकेदाराकडून कामाला होती, त्यामुळे कुणाला काढायला फार काही करावं लागत नव्हतं. दुपारी ती प्रेसवर बसलीच नाही. संध्याकाळी ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिने कारण विचारलं, तर काम कमी आहे म्हणाला. दिवाळीच्या तोंडावर, माल चढत असताना, काम कमी आहे! तिला तेव्हाच कळलं असणार. तरी तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या लॉकरची किल्ली मागितली, गोळ्या घेतल्या, किल्ली परत दिली आणि गेली.

त्यापुढची गोष्ट मला दोन दिवसांनी मावशींकडून कळली. ठेकेदाराकडे तिच्या नवऱ्याचा नंबर होता. नवऱ्याने फोन करून विचारलं की बायकोला असं अचानक का काढलं, तिचं काही चुकलं का? तो बिचारा तिची बाजू घेऊन भांडायला निघाला होता. आणि ठेकेदाराने त्याला सरळ सांगितलं, "अहो, बाईला फिट येते. मशीनवर कशी ठेवायची?"

सासूने त्याच रात्री तिच्या आईला फोन लावून नको ते बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन तिला अकोल्याला घेऊन गेला. भाऊबीज अजून लांब होती.

हे सांगताना मावशी खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मावशी, तिचा हात गेला असता हो," मी म्हटलं.

"व्हय. गेला असता." त्यांनी पट्टी दातांनी तोडली. "तू सुपरवायझर हायेस बाई. तुला बघावंच लागतं."

तोवर मला 'पोरी' म्हणणाऱ्या मावशी त्या दिवसापासून मला 'बाई' म्हणायला लागल्या.

तिच्या जागी नवीन मुलगी आली. काम नियमाप्रमाणे सुरू झालं. आळीपाळीने प्रेस, जिचं तिचं काम, जिची तिची चूक. कुणाचं माप चुकलं तर शेजारची आता बोलायची नाही. माल पुढे जायचा आणि गेजवरून परत यायचा. माझ्याशी सगळ्या नीट बोलायच्या, हो ताई, नाही ताई. जेवायच्या जागेवर मी गेले की बोलणं थांबायचं. मग मी केबिनशेजारच्या बाकावर डबा खायला लागले.

सगळ्यांत जास्त लागलं ते धाकटीचं. प्रेसच्या जाळीच्या पत्र्याने तिचं बोट कापलं होतं. तिने ते मला सांगितलं नाही. हातमोज्याच्या आत चिंधी बांधून ती तशीच काम करत राहिली. ताप आला, बोट सुजून काळंनिळं झालं, तेव्हा तिच्या आईचा मला फोन आला. मी दवाखान्यात गेले.

"अगं, मला सांगायचं नाही का?"

धाकटी छताकडे बघत म्हणाली, "तुम्हाला सांगितलं की काम जातं ना ताई."

हे ती टोमणा मारून बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. बोट वाचलं. पण जी बोटं मी डोळ्यांत तेल घालून राखायला निघाले होते, तीच माझ्यापासून लपवायला सगळ्या शिकल्या होत्या. साहेबांनीही एकदा विचारलं, "काय झालं हो तुमच्या टीमला? पहिल्यासारखी राहिली नाही." मी म्हटलं, नवीन माणसं आहेत, बसेल हळूहळू.

दिवाळी होऊन गेल्यावर मी अकोल्याला गेले. एस.टी.ने अकोले आणि पुढे जीपने तिचं गाव. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. ती डोक्याला फडकं बांधून पेंढ्या आपटत होती. मला पाहून थांबली, फडकं सोडलं, आणि पुढे येऊन म्हणाली, "या ताई. लई लांब आलात."

तिच्या आईने मला बसायला घोंगडी टाकली आणि आत निघून गेली. बाहेर येऊन माझ्याशी बोलली नाही. मी तिला दोष देत नाही.

मी वाटेत पुष्कळ काही ठरवलं होतं. तिच्यासमोर बसल्यावर एवढंच म्हणता आलं, "माझं चुकलं."

ती हातातला भाताचा दाणा सोलायला लागली. "तुमी साहेबाला सांगितलं त्याचं मला काय न्हाई. त्या दिशी चहा सांडला, ते मलाबी घाबरवून गेलं. खरं सांगते, दुपारी मी बसनारच नव्हते. धाकटीला सांगनार हुते, आज तू बस म्हनून." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पन तोंड मी उघडायचं हुतं ताई. माझं हुतं ते. ते तुमी घेतलं."



"नवरा आलता," ती पुढे म्हणाली. "आईला म्हनाला, फिटचं काय न्हाई, पन मला फोनवर परक्या मानसाकडून कळलं. त्याला तेच लागलंय. इचार करतो म्हनून गेला."

"गोळ्या?"

"चालू हायेत. आता काय, उघड्यावर घेते. फळीवर ठेवल्यात." तिला जरा हसू आलं. "परत काय झालं न्हाई. झोपबी लागते."

मग तिने सगळ्यांची चौकशी केली. मावशींचे गुडघे, धाकटीचं लग्न जमलं का, गेजवर कोण बसतं. धाकटीच्या बोटाचं मी तिला सांगितलं नाही. तिने जेवायला थांबवलं. नव्या तांदळाचा भात होता. दोन घास खाल्ले आणि पुढे गिळेना, तर तिनेच म्हटलं, "खा ताई. भातावर राग न्हाई कोनाचा."

निघताना मी तिला सांगितलं की सावेडीत एका बचत गटाचं मसाल्याचं काम आहे, मशीन काही नाही, निवडायचं आणि भरायचं. मी शब्द टाकून ठेवलाय.

"माझ्याबद्दल सांगितलंय का त्यांना?"

"नाही. काहीच नाही."

"मग आले तर मीच सांगीन," ती म्हणाली.

नवरा तिला न्यायला संक्रांतीनंतर आला. सासू अजून तिच्या हातचं पाणी घेताना तोंड वाकडं करते म्हणे, पण ती नांदते आहे. मसाल्याच्या कामावर जाते. पहिल्याच दिवशी तिने तिथल्या बायकांना फिटचं सांगितलं आणि पडले तर काय करायचं तेही शिकवलं. हे मला धाकटीकडून कळलं. मला ती कधीतरी भाजीबाजारात दिसते. "बऱ्या ना ताई?" म्हणते, हसते आणि पुढे जाते. थांबत नाही.

यंदा मावशींनी काम सोडलं. गुडघ्यांनी अगदीच जवाब दिला, मुलगा पाथर्डीला न्यायला आला होता. शेवटच्या दिवशी मी त्यांचा हात धरून गेटपर्यंत गेले. मुलगा रिक्षा बघायला गेला होता. आम्ही दोघीच होतो.

"पोरी," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी. "एक बोलू का? त्या दिशी मी बी सांगनारच हुते. चहा सांडला तो मी बी बघितला. दुपारच्या भोंग्यापातुर बघू म्हनलं, मग साहेबाकडं जाऊ. तवर तू जाऊन आलीस."



"मग मी तुझ्यावर सगळं पडू दिलं," मावशी म्हणाल्या. "माझं मन हलकं झालं ना. तू वाईट झालीस म्हंजी आमी तिघी चांगल्या राह्यलो."

रिक्षा आली. मी त्यांना आत बसवलं, पिशवी मांडीवर दिली. हे ऐकून मला जरा तरी बरं वाटायला हवं होतं. रस्ताभर चालत घरी जाताना मी वाट बघत होते की आता वाटेल. पण मनात एकच येत राहिलं, की मावशी दुपारच्या भोंग्यापर्यंत थांबणार होत्या. आणि तेवढ्या वेळात त्या आधी तिच्याशी बोलल्या असत्या.